बालकंठांतून राष्ट्राचे संगीत घडवणारे झोल्तान कोदाय

हंगेरीचे श्रेष्ठ संगीतकार, लोकसंगीताचे संशोधक आणि संगीतशिक्षणाचे द्रष्टे विचारवंत झोल्तान कोदाय यांचे ६ मार्च १९६७ रोजी बुडापेस्ट येथे निधन झाले. त्यांच्या रचना आजही जगातील नामवंत वाद्यवृंद सादर करतात. मात्र त्यांची खरी ओळख प्राथमिक शाळेच्या वर्गात टिकून आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला वाद्य हाती न देता, केवळ त्याच्या गळ्याच्या आधारे संगीत वाचता, लिहिता आणि समजून घेता येते, हे त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी दाखवून दिले. संगीत हा मोजक्या घरांतील मुलांचा छंद नसून अक्षरओळखीइतकाच प्रत्येक बालकाचा हक्क आहे, या विचारासाठी त्यांनी आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे वेचली.

रेल्वे स्थानकांवरचे बालपण

कोदाय यांचा जन्म १६ डिसेंबर १८८२ रोजी हंगेरीतील केच्केमेट या गावी झाला. वडील फ्रिज्येश हे रेल्वेचे कर्मचारी होते. त्यांच्या बदल्यांमुळे कुटुंबाला गावोगाव फिरावे लागले. झोल्तान तीन वर्षांचे असताना, १८८५ मध्ये, कुटुंब गलांता या छोट्या गावी आले आणि पुढील सात वर्षे तेथेच राहिले. हे गाव आज स्लोव्हाकिया देशात आहे. वडिलांना व्हायोलिनची आवड होती, तर आई पियानो वाजवीत आणि गात असे. घरात संगीत होते, तसेच ते घराबाहेरही होते. गावच्या शाळेत शेतकऱ्यांची, मजुरांची मुले झोल्तान यांच्यासोबत शिकत. त्यांची गाणी, त्यांचे खेळ आणि गावातील प्रसिद्ध जिप्सी वाद्यवृंदाचे वादन या छोट्या मुलाच्या कानांवर सतत पडत असे. पुढे १९३३ मध्ये कोदाय यांनी रचलेल्या ‘गलांताची नृत्ये’ या वाद्यवृंदरचनेत याच दिवसांची स्मृती जागी झाली.

१८९२ मध्ये वडिलांची बदली नाजसोंबात या शहरात झाली. आजचे हे त्रनावा शहर. येथे झोल्तान यांचे माध्यमिक शिक्षण झाले. ते व्हायोलिन आणि पियानो शिकले, कॅथिड्रलच्या गायकवृंदात गायले. घरच्या वादनात चेलो वाजवणारा कोणी नव्हता, म्हणून त्यांनी ते वाद्य बव्हंशी स्वतःच शिकून घेतले. त्यांची एक रचना १८९८ मध्ये शाळेच्या वाद्यवृंदाने सादर केली, तेव्हा ते अवघे सोळा वर्षांचेही नव्हते.

१९०० मध्ये ते बुडापेस्टला आले. विद्यापीठात हंगेरियन आणि जर्मन भाषांचा अभ्यास आणि संगीत अकादमीत हान्स केसलर यांच्याकडे संगीतरचनेचे शिक्षण, असा दुहेरी अभ्यास त्यांनी केला. भाषा आणि संगीत या दोन्ही विषयांची त्यांची जाण पुढील सर्व कार्याचा पाया ठरली. मुलाने भाषा कशी आत्मसात केली, याच वाटेने त्याने संगीतही आत्मसात करावे, या त्यांच्या पुढील विचाराची बीजे या शिक्षणात आढळतात.

खेड्यांतील गाण्यांचा शोध

त्या काळी बुडापेस्टचे संगीतजीवन जर्मन परंपरेच्या प्रभावाखाली होते. जिप्सी वाद्यवृंद हॉटेलांतून जी लोकप्रिय गाणी वाजवीत, त्यांनाच शहरातील सुशिक्षित वर्ग हंगेरीचे लोकसंगीत समजत असे. प्रत्यक्षात ही गाणी बहुधा एकोणिसाव्या शतकातील हौशी रचनाकारांची होती. शेतकऱ्यांच्या मुखी असलेली जुनी गाणी कशी आहेत, याची शहराला कल्पनाच नव्हती. कोदाय यांनी १९०५ मध्ये आपला पहिला संकलन दौरा काढला तो बालपणीच्या परिसरातच. खेड्यापाड्यांतून फिरून त्यांनी गाणी लिहून घेतली. पुढील वर्षी, १९०६ मध्ये, हंगेरियन लोकगीतांच्या कडव्यांची रचना या विषयावरील प्रबंधासाठी त्यांना डॉक्टरेट मिळाली.

याच सुमारास त्यांची बेला बार्तोक यांच्याशी गाठ पडली. बार्तोक त्यांच्याहून एका वर्षाने मोठे होते. दोघांची मैत्री आयुष्यभर टिकली. पाठीवर फोनोग्राफ यंत्र आणि मेणाच्या नळ्या घेऊन हे दोन तरुण खेडोपाडी हिंडले. १९०६ मध्ये दोघांनी मिळून वीस लोकगीते पियानोच्या साथीसह प्रसिद्ध केली. शहरी श्रोत्यांनी या पुस्तिकेकडे पाठ फिरवली आणि पहिली आवृत्ती खपण्यास कित्येक वर्षे लागली. आपल्याच देशातील लोकांचे संगीत आपल्याच सुशिक्षितांना परके वाटते, ही बाब कोदाय यांच्या मनाला लागली.

या संशोधनातून एक महत्त्वाची गोष्ट समोर आली. हंगेरीच्या सर्वांत जुन्या थरातील गाणी पाच स्वरांवर उभी होती. भारतीय वाचकांना हे समजणे अवघड नाही. आपल्याकडील औडव रागांतही पाचच स्वर असतात. या जुन्या हंगेरियन गीतांची स्वरमालिका आपल्या स्वरनामांत मांडली, तर ती धानी रागाच्या स्वरांशी जुळते. शास्त्राचा गंध नसलेल्या शेतकरी स्त्रीपुरुषांनी पिढ्यानपिढ्या जपलेल्या या स्वरांना कोदाय यांनी पुढे बालशिक्षणाचा आधार केले.

१९०६-०७ मध्ये बर्लिन आणि पॅरिस येथे काही काळ राहून कोदाय मायदेशी परतले. १९०७ पासून त्यांनी बुडापेस्टच्या संगीत अकादमीत अध्यापन सुरू केले. १९१० मध्ये त्यांचा एम्मा ग्रुबर यांच्याशी विवाह झाला. एम्मा स्वतः उत्तम संगीतज्ञ होत्या. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये हंगेरीत अल्पकाळ साम्यवादी राजवट आली. त्या काळात कोदाय अकादमीचे उपसंचालक होते. ती राजवट कोसळताच त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली. पद गेले आणि सुमारे दोन वर्षे अध्यापनापासूनही त्यांना दूर राहावे लागले.

बालकांच्या कंठाने बदललेली दिशा

१९२३ मध्ये बुडा, पेस्ट आणि ओबुडा या शहरांच्या एकीकरणाला पन्नास वर्षे पूर्ण झाली. या समारंभासाठी कोदाय यांनी ‘साल्मुस हुंगारिकुस’ ही भव्य रचना केली. सोळाव्या शतकातील केच्केमेटच्या एका कवीने केलेल्या पंचावन्नाव्या स्तोत्राच्या हंगेरियन रूपांतरावर ती आधारलेली आहे. १९ नोव्हेंबर १९२३ रोजी तिचा पहिला प्रयोग झाला आणि काही वर्षांतच ती युरोपभर गाजली. कोदाय यांना आंतरराष्ट्रीय कीर्ती मिळाली.

याच रचनेने त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण दिले. पुढील एका प्रयोगात बुडापेस्टमधील एका शाळेच्या मुलांचा गायकवृंद सहभागी झाला. शिक्षक एंद्रे बोरुश यांनी या मुलांची तयारी करून घेतली होती. सामान्य घरांतील ही मुले इतके अवघड संगीत अचूक आणि तन्मयतेने गाऊ शकतात, हे कोदाय यांनी स्वतः ऐकले. मुलांना योग्य शिक्षण मिळाले तर त्यांच्या गळ्याला मर्यादा नसते, याची त्यांना खात्री पटली.

त्याच सुमारास दुसराही अनुभव आला. १९२५ मध्ये बुडाच्या टेकड्यांवर फिरायला गेले असता त्यांनी अध्यापिका विद्यालयातील काही तरुणींना गाताना ऐकले. गाणी सुमार दर्जाची होती. पुढे याच तरुणी शाळाशाळांतून हजारो मुलांना शिकवणार होत्या. ज्यांना स्वतःलाच चांगले संगीत मिळाले नाही, त्या मुलांना काय देणार, या प्रश्नाने कोदाय अस्वस्थ झाले. शाळांतील गाण्याच्या पुस्तकांकडे त्यांनी लक्ष दिले तेव्हा त्यातील बराचसा भाग परकीय चालींचा किंवा मुद्दाम मुलांसाठी म्हणून रचलेल्या निर्जीव गीतांचा असल्याचे त्यांना दिसले. मुलांसाठी केवळ उत्तमच पुरेसे असते, कमी दर्जाचे साहित्य त्यांच्या माथी मारणे हा अपराध आहे, असे त्यांचे मत बनले.

त्यांनी केवळ टीका केली नाही, तर लेखणी उचलली. १९२५ मध्ये त्यांनी बालगायकवृंदासाठी दोन रचना केल्या. त्या हंगेरियन लोकगीतांवर आणि लोकप्रथांवर आधारलेल्या होत्या. बोरुश यांच्या विद्यार्थ्यांनी त्या गायल्या. त्यानंतर बालवृंदांसाठी रचनांची मालिकाच सुरू झाली. ज्या संगीतकाराच्या रचना युरोपातील मोठे वाद्यवृंद वाजवीत होते, तो शाळकरी मुलांसाठी गाणी लिहीत बसतो, याचे अनेकांना आश्चर्य वाटे. कोदाय यांना त्यात कमीपणा वाटला नाही. १९२६ मध्ये त्यांचे ‘हारी यानोश’ हे लोकगीतांनी नटलेले संगीतनाटक रंगमंचावर आले. त्यानंतरही बालवृंदांसाठीचे लेखन थांबले नाही. १९२९ मध्ये बालवृंदांविषयी लिहिलेल्या लेखात त्यांनी शालेय गायनाच्या दुरवस्थेवर परखड भाष्य केले. राजधानीतील ऑपेराचा संचालक कोण आहे, यापेक्षा एखाद्या छोट्या गावात गायनशिक्षक कोण आहे, ही बाब त्यांना अधिक महत्त्वाची वाटे. वाईट संचालक आपल्यापुरता अपयशी ठरतो, वाईट शिक्षक मात्र तीस वर्षे मुलांच्या एकामागून एक तुकड्यांतील संगीताची आवड मारून टाकतो, असा त्यांचा युक्तिवाद होता.

चळवळ आणि तिचे शिलेदार

कोदाय यांचे विद्यार्थी या विचाराने भारावले. लायोश बार्दोश, ग्योर्ज केरेन्यी आदी शिष्यांनी गायकवृंदांसाठी प्रकाशनसंस्था आणि नियतकालिक चालवले. १९३४ पासून ‘गाणारे युवक’ ही चळवळ सुरू झाली. विविध शाळांचे गायकवृंद एकत्र येऊन गाऊ लागले आणि ही लाट बुडापेस्टमधून इतर शहरांत पसरली.

आता प्रश्न होता तो रोजच्या तासाचा. निवडक मुलांचा गायकवृंद तयार करणे वेगळे आणि वर्गातील प्रत्येक मुलाला संगीत साक्षर करणे वेगळे. यासाठी कोदाय यांनी क्रमिक पाठांची निर्मिती हाती घेतली. १९३७ पासून त्यांनी ‘बिसिनिया हुंगारिका’ या दोन स्वरांत गाण्याच्या पाठांचे भाग प्रसिद्ध केले. १९४१ मध्ये शुद्ध स्वरात गाण्यासाठीचे पाठ आले. १९४३ मध्ये संगीतवाचनाचे ३३३ छोटे पाठ आले. शालेय गीतसंग्रहाचे काम त्यांनी केरेन्यी यांच्यासह केले. शिष्य येनो आदाम यांच्या सहकार्याने प्राथमिक वर्गांसाठी पाठ्यपुस्तके तयार झाली. आदाम यांनी १९४४ मध्ये अध्यापनपद्धतीचे सविस्तर पुस्तक लिहिले. कोदाय पद्धती या नावाने जे जगभर ओळखले जाते, त्याची तात्त्विक मांडणी कोदाय यांची असली, तरी वर्गातील तपशील आदाम आणि इतर अनेक शिक्षकांनी घडवला, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. स्वतः कोदाय अकादमीतील प्राध्यापक होते, प्राथमिक शाळेतील शिक्षक नव्हते.

१९४१ मध्येच त्यांनी बालवाडीतील संगीताविषयी लेख लिहून आपला विचार आणखी खालच्या वयोगटापर्यंत नेला. तीन ते सात हे वय संगीतशिक्षणासाठी सर्वांत महत्त्वाचे असून त्या वयात जे बिघडते ते नंतर सुधारणे कठीण असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. संगीताचे संस्कार मुलाच्या जन्माच्या नऊ महिने आधी सुरू व्हायला हवेत, असे ते म्हणत आणि पुढे तर आईच्या जन्माआधीपासून, अशी पुस्तीही त्यांनी जोडली.

वर्गात नेमके काय घडते

या पद्धतीचा गाभा साधा आहे. प्रथम कान, मग कंठ, त्यानंतर डोळे आणि हात. मूल भाषा जशी आधी ऐकते, मग बोलते आणि त्यानंतर लिहिते-वाचते, तोच क्रम येथे पाळला जातो. मातृभाषेतील बालगीते आणि खेळगाणी हे पहिले पाठ असतात. गाण्याचा अनुभव पुरेसा घेतल्याशिवाय त्यातील स्वराचे नाव मुलाला सांगितले जात नाही.

स्वरांची ओळख ‘सो’ आणि ‘मी’ या दोन स्वरांपासून होते. आपल्या भाषेत सांगायचे तर पंचम आणि गंधार. मुले खेळताना एकमेकांना हाका मारतात किंवा चिडवतात, तेव्हा हेच अंतर त्यांच्या आवाजात अनेकदा सहज उमटते. त्यानंतर ‘ला’ म्हणजे धैवत, मग ‘दो’ आणि ‘रे’ म्हणजे षड्ज आणि ऋषभ येतात. अशा प्रकारे पाच स्वरांचा संच पूर्ण होतो. हे स्वर म्हणजे आपल्या भूप रागाचे स्वर होत. मध्यम आणि निषाद नंतर शिकवले जातात, कारण त्यांच्यासोबत येणारी अर्ध्या स्वराची अंतरे लहान मुलांना नेमकी गाणे कठीण जाते.

येथे आणखी एक साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. कोदाय यांच्या पद्धतीतील ‘दो’ हा ठरावीक उंचीचा स्वर नसून गाण्याच्या सोयीनुसार तो वर किंवा खाली घेता येतो. आपल्याकडेही गायक आपल्या गळ्याला मानवेल त्या उंचीवर षड्ज धरतो आणि इतर स्वर त्याच्या नात्याने ओळखले जातात. स्वराची ओळख त्याच्या नात्यातून व्हावी, हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे.

यातील बरीच साधने कोदाय यांनी नव्याने शोधलेली नाहीत. स्वरनामांची कल्पना अकराव्या शतकातील इटलीचे साधू ग्विदो यांच्यापर्यंत मागे जाते. इंग्लंडमध्ये नॉर्विच येथील शिक्षिका सेरा ग्लोव्हर आणि त्यांच्यानंतर धर्मोपदेशक जॉन कर्वेन यांनी एकोणिसाव्या शतकात सामान्यजनांना गाता यावे म्हणून स्वरनामांची पद्धत विकसित केली. प्रत्येक स्वरासाठी हाताची एक खूण ही कर्वेन यांची देणगी होय. ‘दो’साठी मूठ, ‘मी’साठी जमिनीला समांतर तळहात, अशा खुणांमुळे मुलांना स्वराची उंची डोळ्यांनी पाहता येते. लयीसाठी वापरली जाणारी ‘ता’ आणि ‘ती-ती’ ही अक्षरे फ्रान्समधील शेव्हे यांच्या पद्धतीतून आली. तबल्याचे बोल तोंडाने म्हणत लय पक्की करण्याची आपली रीत ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना या अक्षरांचे मोल सहज कळेल. इंग्लंडच्या भेटींत कोदाय यांनी तेथील गायकवृंदांची परंपरा जवळून पाहिली होती. जे उपयोगी दिसले ते त्यांनी मोकळ्या मनाने स्वीकारले आणि त्याला आपल्या मातीतील गाण्यांची जोड दिली.

वर्गात मुले टाळ्या वाजवतात, चालतात, गोल करून खेळतात. शिक्षकाने हाताने खूण करताच गाण्याची एक ओळ मनातल्या मनात म्हणतात आणि पुढील खुणेला नेमक्या स्वरावर पुन्हा आवाज लावतात. आवाज न काढता स्वर मनात ऐकता येणे, यास कोदाय फार महत्त्व देत. वाद्याची पाळी नंतर येते. वाद्य महाग असते, ते प्रत्येक घरी नसते. कंठ मात्र प्रत्येकाजवळ असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. संगीत सर्वांपर्यंत न्यायचे असेल तर सुरुवात गळ्यापासूनच व्हायला हवी, हा विचार त्यांच्या लोकशाही दृष्टीचा पुरावा आहे.

युद्धाची झळ आणि केच्केमेटची शाळा

दुसऱ्या महायुद्धाने बुडापेस्ट उद्ध्वस्त केले. एम्मा जन्माने ज्यू असल्याने त्यांच्या जिवाला धोका होता. १९४४ च्या अखेरीस शहराला वेढा पडला तेव्हा या दांपत्याने एका ख्रिस्ती मठात आणि नंतर ऑपेरागृहाच्या तळघरात आश्रय घेतला. त्याही परिस्थितीत कोदाय यांचे काम सुरू राहिले. त्यांच्या ‘मिसा ब्रेव्हिस’ या रचनेचा पहिला प्रयोग फेब्रुवारी १९४५ मध्ये ऑपेरागृहाच्या कपडे ठेवण्याच्या दालनात झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बार्तोक यांचे न्यूयॉर्क येथे निधन झाले. जिवलग मित्राच्या निधनानंतर लोकगीत संकलनाची संपूर्ण जबाबदारी कोदाय यांच्यावर आली. १९४६ ते १९४९ या काळात ते हंगेरीच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते. हंगेरियन लोकसंगीताच्या बृहद् संग्रहाचा पहिला खंड १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला, तो मुलांच्या खेळगाण्यांचा. या थोर संशोधकाच्या लेखी बालकांचे स्थान कोठे होते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

१९५० हे वर्ष या वाटचालीत विशेष महत्त्वाचे ठरले. कोदाय यांच्या जन्मगावी, केच्केमेट येथे, शिक्षिका मार्ता नेमेशेगी यांच्या पुढाकाराने पहिली गायन-संगीत प्राथमिक शाळा सुरू झाली. येथे इतर विषयांप्रमाणेच संगीताचा तास दररोज होऊ लागला. या शाळेचा हेतू व्यावसायिक गायक-वादक घडवणे हा नव्हता, तर सर्वसामान्य मुलांच्या शिक्षणात संगीताला हक्काची जागा देणे हा होता. कोदाय यांनी या शाळेला मनापासून पाठिंबा दिला. रोजचा एक तास संगीताला दिल्याने मुले गणितात आणि भाषेत मागे पडतील, अशी शंका पालकांना आणि अधिकाऱ्यांना होती. ही मुले इतर विषयांतही मागे पडत नाहीत, असा शिक्षकांचा अनुभव होता. क्लारा कोकाश यांच्यासारख्या संशोधकांनी या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास केला. हळूहळू देशभर अशा शाळा निघाल्या आणि १९६० च्या दशकात त्यांची संख्या शंभरावर गेली.

त्या काळच्या राजवटीशी कोदाय यांचे संबंध सरळ नव्हते. राज्याने त्यांना १९४८, १९५२ आणि १९५७ मध्ये कोशूत पुरस्काराने गौरवले. मात्र त्यांनी आपली स्वतंत्र भूमिका सोडली नाही. लोकांमधील प्रतिष्ठेमुळे त्यांच्या शब्दाला वजन होते आणि ते वजन त्यांनी शाळांतील संगीताच्या तासासाठी खर्ची घातले.

अखेरची वर्षे आणि वारसा

१९५८ मध्ये एम्मा यांचे निधन झाले. पुढील वर्षी कोदाय यांनी संगीताच्या विद्यार्थिनी शारोल्टा पेत्सेली यांच्याशी विवाह केला. १९६० मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. १९६१ पासून अखेरपर्यंत ते आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेचे अध्यक्ष होते. १९६४ मध्ये संगीतशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची परिषद बुडापेस्टमध्ये भरली. अनेक देशांतून आलेल्या शिक्षकांनी हंगेरीतील वर्ग प्रत्यक्ष पाहिले. लहान मुले कागदावरील स्वरलेखन पाहून न अडखळता गातात, हे दृश्य अनेकांसाठी नवे होते. या परिषदेनंतर जपान, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आदी देशांतील शिक्षक हंगेरीत येऊ लागले. वयाच्या ८४ व्या वर्षी कोदाय यांनी जगाचा निरोप घेतला, तेव्हा हा विचार देशाच्या सीमा ओलांडून गेला होता. १९७५ मध्ये केच्केमेट येथे त्यांच्या नावाची संगीतशिक्षण संस्था स्थापन झाली. २०१६ मध्ये युनेस्कोने कोदाय यांच्या संकल्पनेद्वारे होणाऱ्या लोकसंगीत वारशाच्या जतनाची उत्तम जतनकार्यांच्या नोंदवहीत नोंद केली.

या विचाराला मर्यादा नव्हत्या असे नाही. लोकप्रिय संगीताविषयी कोदाय यांची भूमिका कठोर होती. त्यांच्या पद्धतीत वाचनाला जितके स्थान आहे तितके उत्स्फूर्त निर्मितीला नाही, अशी टीका काही शिक्षणतज्ज्ञांनी केली. हंगेरीतही सामान्य शाळांतील गायनाचे तास काळाच्या ओघात कमी झाले. एखाद्या शाळेत रोजचा तास मिळवणे जितके अवघड, तितकेच तो टिकवणेही अवघड असते, हे त्यातून दिसून येते.

भारतात याच शतकात समांतर प्रयत्न झाले. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापून संगीत सामान्य घरांपर्यंत नेले. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी क्रमिक पुस्तकांद्वारे शिक्षणाला शिस्त लावली. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने तयार केलेल्या मूलोद्योग शिक्षणाच्या अभ्यासक्रमातही संगीताला स्थान होते. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० यांनीही कलांना शालेय शिक्षणाचा अविभाज्य भाग मानले आहे. ओव्या, भोंडल्याची गाणी, अंगाईगीते, भजने आणि प्रांतोप्रांतीची खेळगाणी यांचे भांडार आपल्याकडे आजही आहे. या भांडाराचा उपयोग वर्गात करायचा तर त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. लागतो तो स्वतः सुरात गाऊ शकणारा, मुलांवर विश्वास असणारा शिक्षक आणि वेळापत्रकात त्याला दिलेला नियमित तास.

गलांता येथील शाळेत सोबत शिकणाऱ्या गरीब मुलांचे सूर कोदाय कधी विसरले नाहीत. त्या मुलांसारख्या प्रत्येक मुलाला आपल्या देशाचे उत्तम संगीत मिळावे, यासाठी त्यांनी आपली प्रतिभा आणि प्रतिष्ठा पणाला लावली. जगभरातील अनेक प्राथमिक शाळांत आजही संगीताचा तास हाताच्या खुणांनी आणि दोन स्वरांच्या साध्या गाण्याने सुरू होतो.